चिपमधला पाटकरी



मला शिकवणाऱ्या सरांचं नाव घेतलं की मला त्यांचं टेबल आठवतं. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतल्या त्या टेबलावर कायम एखादा उघडलेला रेडिओ असायचा. आमचे हात सोल्डरिंग आयर्नकडे वळले, की सर वही पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "हा रेडिओ धड असता तर इथे काय झालं असतं, ते आधी लिही. मग हात लाव." तेव्हा आम्हाला याचा कंटाळा यायचा. पुढे मी यंत्रांच्या पोटातले प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यात पडलो, आणि जेव्हा जेव्हा अडलो तेव्हा तीच वही कामी आली.

आजचा विषय आहे, स्मार्ट उपकरणांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला सुरुवात कशी करावी. समोर इंजिनिअरिंगची मुलं बसली आहेत, तशी शेती करणारी, दुकान चालवणारी, निवृत्त झालेली मंडळीही आहेत. सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारी एकच वाट मला ठाऊक आहे. ती पाटाच्या कडेनं जाते.

माझं लहानपण साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी गेलं. आपल्या धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून पाटानं पाणी फिरवण्याची फड पद्धत काही शतकं चालत आली. गावच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीपाळीनं द्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांना नेमायचं शेतकऱ्यांनी आणि त्यांचा मोबदलाही द्यायचा शेतकऱ्यांनीच. पाणी पाटकऱ्याच्या मालकीचं नसे, पण त्याला विचारल्याशिवाय कोणी दारं मोडायचं नाही, हा नियम मालकालाही लागू असे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हा पाटकरी. यंत्रात प्रोसेसर एक असतो आणि कामं दहा. एक काम तापमान मोजतं, दुसरं पडद्यावर आकडे काढतं, तिसरं वायफायवर कान लावून बसतं. प्रत्येकाला वाटतं, सगळं पाणी माझंच. प्रोसेसरचा वेळ कोणाला, किती आणि कोणत्या क्रमानं द्यायचा, मेमरीचा कोणता तुकडा कोणाचा, हे ठरवणारा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. बाकी पडदे, चिन्हं, रंग ही वरची शोभा.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच. ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला शिकणं म्हणजे वाटणी करायला शिकणं. आणि वाटणी शिकायची तर टंचाईच्या गावात शिकावी. धरणाच्या काठी ती कोणाला येत नाही.

म्हणून मुलांनो, फोनपासून सुरुवात करू नका. तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स नावाचा कर्नल आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत आणि वायफायच्या राउटरमध्येही लिनक्स असतं. ती सगळी बारमाही बागायत. पण विहिरीवरच्या पंपाचा मोबाइल स्टार्टर, मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा, ॲपवरून लागणारा दिवा, यांच्या पोटात बहुधा मायक्रोकंट्रोलर असतो. प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडायच्या पिना, सगळं एका नखाएवढ्या चिपवर. २०२१च्या जानेवारीत रास्पबेरी पाय पिको नावाचा बोर्ड चार डॉलरला बाजारात आला. त्यावरच्या आरपी२०४० चिपमध्ये २६४ किलोबाइट रॅम आहे. तुम्ही आत्ता माझा जो फोटो काढताय, तो तिच्यात मावणार नाही.

हे फार कमी वाटत असेल, तर १९६९ची आठवण करून देतो. अपोलोच्या चांद्रयानातल्या संगणकात पुसून पुन्हा लिहिता येईल अशी मेमरी होती २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबानं जेमतेम चार किलोबाइट. तेवढ्यात अनेक कामांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम बसवला होता. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या हॅल लॅनिंग यांनी त्याची मूळ रचना केली. २० जुलैला यान उतरत असताना १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे इशारे पडद्यावर आले. ज्याची त्या क्षणी गरज नव्हती असं एक रडार प्रोसेसरचा वेळ खात होतं आणि नव्या कामांना जागा उरली नव्हती. संगणकानं काय केलं? स्वतःला पुन्हा सुरू केलं, महत्त्वाची कामं होती तिथून उचलली आणि बिनमहत्त्वाची सोडून दिली. इंजिनावरचा ताबा सुटला नाही. पाणी कमी पडलं तेव्हा कोणतं पीक जगवायचं, हे त्या पाटकऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

आता प्रत्यक्ष सुरुवात. पुण्यात तपकीर गल्लीत जा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, किंवा घरबसल्या मागवा. काही शे रुपयांत बोर्ड मिळतो. त्यावर तयार ऑपरेटिंग सिस्टिम घालू नका. पहिलं काम एकच, बोर्डावरचा दिवा लावायचा, आणि तोही कोणाची तयार लायब्ररी न घेता.

हे पोरखेळ वाटेल. करून बघा. सी भाषा शिकताना आपल्याला सांगितलेलं असतं की प्रोग्राम 'मेन'पासून सुरू होतो. इथे कळतं की मेनच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. पिकोला वीज मिळाली की चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. तो फ्लॅश मेमरीतले पहिले २५६ बाइट उचलतो, त्यांची बेरीज-तपासणी शेवटच्या चार बाइटांशी ताडून पाहतो, आणि ती जुळली तरच पुढे जातो. मग एक तक्ता वाचला जातो. त्यातला पहिला आकडा स्टॅकचा, म्हणजे चालू कामाच्या नोंदींच्या चळतीचा, माथा सांगतो आणि दुसरा पहिल्या फंक्शनचा पत्ता. हा तक्ता तुम्ही लिहायचा. एक आकडा चुकला तर यंत्र गप्प बसतं, चुकलं काय ते सांगत नाही.

तक्ता जुळला, दिव्याची पंचवीस नंबरची पिन 'चालू' केली, तरी दिवा लागत नाही. पुस्तिका चाळता चाळता उलगडा होतो. वीज आल्यावर या चिपचे बहुतेक विभाग रीसेटमध्ये धरून ठेवलेले असतात, पिनांचा विभागसुद्धा. आपण शेताचं दारं उघडून पाण्याची वाट बघत असतो आणि वरचं फाटक बंद असतं. ते उघडलं की दिवा लागतो. मग त्याची उघडझाप व्हावी म्हणून आपण मध्ये रिकामी मोजदाद घालतो, एक ते दहा लाख. पण दिवा लुकलुकतच नाही. कारण कंपायलरनं, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामनं, पाहिलं की या मोजदादीतून काहीच निष्पन्न होत नाही, आणि त्यानं ती काढून टाकली. 'हे काढू नकोस' असं कंपायलरला बजावणारा 'व्होलाटाइल' हा शब्द कशासाठी असतो, ते मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. अशाच एका न लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर दोन रात्री बसलो तेव्हा कळलं.

दुसरा टप्पा टायमरचा. रिकामी मोजदाद म्हणजे पाणी वाहून जाताना बघत बसणं. त्याऐवजी चिपमधल्या टायमरला सांगायचं, सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला मला हाक मार. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. चालू काम जिथे असेल तिथे थांबतं, प्रोसेसर हाकेला ओ देतो आणि परत येतो.

इथून कर्नल जवळ येतो. हाकेला ओ देऊन पहिल्याच कामाकडे परत गेलं पाहिजे, असं कुठे आहे? दुसऱ्याकडे गेलो तर? पाटकरी एका शेताचं पाणी तोडून दुसऱ्याला देतो, तेव्हा पाणी कुठवर पोचलं होतं तिथे खूण ठेवतो. पुढची पाळी त्या खुणेपासून सुरू होते. पिकोच्या प्रोसेसरमध्ये ही खूण म्हणजे सोळा रजिस्टरांमधले, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या खणांमधले, आकडे. इंटरप्ट आला की त्यातली आठ हार्डवेअर आपणहून त्या कामाच्या स्टॅकवर ठेवतं. उरलेली आठ आपण ठेवायची. सोळा गुणिले चार, चौसष्ट बाइट. ते ठेवायचे, स्टॅकचा पत्ता दुसऱ्या कामाकडे वळवायचा, त्या कामाचे चौसष्ट बाइट परत उचलायचे. हा वीस-पंचवीस ओळींचा असेंब्लीतला तुकडा एकदा स्वतःच्या हातानं लिहून चालला, की पुढे कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक उघडा, ते ओळखीचं वाटेल.

लिनक्सची सुरुवातही अशीच झाली. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या नव्या पीसीवर दोन कामं आळीपाळीनं चालवून पाहिली. एक काम पडद्यावर ए लिहायचं, दुसरं बी. ए आणि बीच्या ओळी आलटून पालटून उमटल्या, म्हणजे पाळी चालली. तो प्रयोग वाढत गेला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यानं जगाला कळवलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

पाळी लावता आली म्हणजे सगळं आलं, असं मात्र नाही. सगळी कामं सारख्या निकडीची नसतात, म्हणून अग्रक्रम द्यावे लागतात, आणि अग्रक्रमांच्या पोटात एक चमत्कारिक भांडण दडलेलं असतं. ४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. आत व्हीएक्सवर्क्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. माहितीच्या सामायिक वाटेची देखरेख करणारं काम खूप वरच्या अग्रक्रमाचं. हवामानाची नोंद घेणारं काम खालच्या. दोघांनाही एक सामायिक कुलूप लागायचं, त्याला म्युटेक्स म्हणतात. कधीतरी असं व्हायचं की कुलपाची किल्ली हवामानवाल्याकडे आहे, वरचा किल्लीसाठी खोळंबलाय, आणि तेवढ्यात मधल्या अग्रक्रमाची कामं येऊन हवामानवाल्याला बाजूला सारतात. खालच्याला पाळी मिळत नाही, म्हणून किल्ली सुटत नाही, म्हणून वरचा ताटकळतो. वरच्याचं काम वेळेत झालं नाही हे दिसताच यंत्रणा धोका समजून सगळं रीसेट करायची.

जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तीच परिस्थिती पुन्हा घडवून आणली, कारण शोधलं आणि मंगळावर दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती होती एक कळ दाबण्याएवढी: ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला, किल्ली असेपर्यंत, तिच्यासाठी थांबलेल्या वरच्याचा अग्रक्रम उसना द्यायचा. हा उपाय शा, राजकुमार आणि लेहोत्स्की या तिघांनी १९९०च्या शोधनिबंधात मांडून ठेवला होता. यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. उड्डाणाच्या आधीच्या चाचण्यांतही हा रीसेट क्वचित दिसला होता. पुन्हा घडवता आला नाही, म्हणून मागे पडला. सरांच्या वहीत अशा गोष्टींसाठी वेगळं पान असायचं, 'एकदाच दिसलेले दोष'.

त्या यंत्राला रीसेट करणाऱ्या व्यवस्थेला इंग्रजीत वॉचडॉग म्हणतात. मी तिला जागल्या म्हणतो. कामांनी ठरावीक वेळात जागल्याला 'मी आहे' म्हणून ओ द्यायची. ओ आली नाही तर तो सगळ्यांना झोपेतून उठवतो. रानात, विहिरीवर, छपरावर जिथे कोणी बटण दाबायला नसतं, तिथल्या उपकरणाला जागल्याशिवाय सोडू नये.

आता एक जड गोष्ट. कॅनडात बनलेलं थेरॅक-२५ हे कॅन्सरवरच्या किरणोपचाराचं यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, आणि त्यातले काही त्यामुळेच दगावले. पाळ्या लावणारा कर्नल त्यासाठी खास लिहिलेला होता, आणि सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच माणसाच्या हातचं होतं. यंत्र चालवणारीनं पडद्यावरची चूक आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, तर एका कामाला बदल कळायचा आणि दुसऱ्याला कळायचाच नाही. सरावानं हात जितका जलद, तितका धोका मोठा. दुसरा दोष एका बाइटचा. 'तपासणी बाकी आहे' हे सांगायला एक आकडा होता. त्यात ठरावीक किंमत ठेवायच्या ऐवजी दर फेरीला एक मिळवला जायचा. एका बाइटमध्ये २५५च्या पुढे शून्य येतं. म्हणजे दर २५६व्या फेरीला यंत्राला वाटायचं, तपासणी झाली. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात धोका अडवणारी विजेची स्वतंत्र कुलपं होती. सॉफ्टवेअर आहे म्हणून नव्या यंत्रात ती काढून टाकली होती. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली याची चिरफाड करून ठेवली आहे. कर्नल लिहायला बसणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी.

मुलांपैकी कोणी म्हणेल, मी दिव्यांशी खेळतोय, कोणाच्या जिवाशी नाही. २०१६ सालची गोष्ट ऐका. मिराय नावाच्या एका प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी कुठलं मोठं कौशल्य लागलं नाही. कारखान्यातून येतात ती साठेक नावं आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे, इतकंच. २१ ऑक्टोबरला या फौजेनं साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीवर धाड घातली आणि अमेरिकेत अनेक मोठ्या साइट तासन्‌तास उघडेनात. घरातल्या भिंतीवरचा कॅमेरा दिसायला किरकोळ. पण बनवणाऱ्यानं एकच पासवर्ड सगळ्यांना लावला, की लाखो दारं एका किल्लीनं उघडतात.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या उपकरणापासूनच तीन गोष्टींची सवय लावा. प्रत्येक नगाचा पासवर्ड वेगळा. नवा प्रोग्राम आला तर त्याच्यावरची सही तपासल्याशिवाय तो चालवायचा नाही. आणि फ्लॅश मेमरीचे दोन भाग करून नवा प्रोग्राम रिकाम्या भागात उतरवायचा. तो नीट उभा राहिला नाही तर जागल्या रीसेट करील आणि यंत्र जुन्या भागावर परत येईल. मग शेतावरचा स्टार्टर दुरुस्त करायला कोणाला चाळीस मैल मोटारसायकल मारावी लागणार नाही.

आता वाचन. लिहिणं आणि वाचणं बरोबरीनं चाललं पाहिजे. स्वतःची दोन कामं चालली की फ्री-आरटॉस उघडा. रिचर्ड बॅरी यांनी २००३ साली सुरू केलेला हा कर्नल, त्याचा गाभा सी भाषेतल्या तीन फाइलींत मावतो आणि तो सर्वांना खुला आहे. तुम्ही केलेलं काम त्यांनी किती नीटनेटकं केलंय ते दिसेल. मग झेफिर. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ पासून वाढलेला, वेगवेगळ्या बोर्डांना एका घरात आणणारा. बोर्ड घ्यायला पैसे नसतील तरी अडत नाही. क्यूएमू नावाचा प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपच्या आत दुसरं यंत्र उभं करतो. त्यावर एमआयटीची एक्सव्ही६ चालवा. शिकवण्यासाठीच लिहिलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम दहा हजार ओळींच्या आत संपते.

एक्सव्ही६च्या मागे एक गोष्ट आहे, ती आपल्या झेरॉक्सच्या दुकानांना शोभेल अशी. ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी सत्तरच्या दशकात युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कोड ओळीओळीनं समजावून सांगणारी टिपांची वही विद्यार्थ्यांसाठी काढली. पुढच्या आवृत्तीचा परवाना असा आला की वर्गात कोड शिकवायलाच बंदी. मग त्या वहीच्या प्रतींच्या प्रती, त्यांच्याही प्रती जगभर हातोहात फिरल्या. ती रीतसर छापली गेली १९९६ साली. एक्सव्ही६ त्याच सहाव्या आवृत्तीच्या धाटणीवर बेतलेली आहे. आज तुमच्यापुढे सगळं उघडं पडलंय. अडचण आता कोड मिळण्याची नाही, तो पूर्ण वाचायला लागणाऱ्या चिकाटीची आहे.

भाषा कोणती, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सीपासून सुरू करा, कारण वाचायचा बहुतेक कोड तिच्यात आहे. नंतर रस्ट शिका. मेमरीच्या वाटणीतल्या बऱ्याच चुका ती कंपायलरच्या दारातच अडवते, आणि डिसेंबर २०२२ पासून लिनक्सनंही तिला घरात घेतलं आहे. चिपच्या बाबतीत सांगायचं तर, बर्कलीत २०१०मध्ये जन्मलेली रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची आज्ञावली सर्वांना मोकळी आहे. सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुण्यात सुरू झाली. तिनं याच आज्ञावलीवर वेगा प्रोसेसर आणि थेजस ३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप बनवली आहे. या चिपसाठी कर्नल लिहिणारे हात अजून थोडे आहेत. गर्दीतल्या बोर्डावर हजारावा होण्यापेक्षा इथे मोकळी जागा जास्त मिळेल.

वेळ संपत आला, म्हणून शेवटचं. पाटाच्या शेवटी ज्याचं शेत, त्याला टेलचा शेतकरी म्हणतात. वरच्यांनीच सगळं पाणी घेतलं की तो कोरडा राहतो. आमच्या शास्त्रात ज्या कामाला पाळीच येत नाही त्याची उपासमार झाली असं म्हणतात, अगदी याच शब्दांत. पाळी लावणारा हा शेड्युलर चांगला की वाईट हे पहिल्या कामाला विचारून कळत नाही, शेवटच्या कामाला विचारावं लागतं.

तेव्हा मुलांनो, घरी गेल्यावर बोर्ड मागवायच्या आधी एक वही घ्या. पहिल्या पानावर लिहा: दोन दिवे. एकाची अर्ध्या सेकंदानं उघडझाप होईल, दुसऱ्याची तीन सेकंदांनी. दोन्ही स्वतंत्र कामं, पाळी लावणारा माझा कर्नल. तिसरं एक काम असं, जे नुसतं गरगर फिरत राहील आणि आपणहून कधीच थांबणार नाही. ते चालू असतानाही दोन्ही दिवे आपापल्या वेळेला लागले पाहिजेत. त्याखाली, कुठल्या क्षणी कोणाच्या स्टॅकवर काय असेल ते हातानं काढा. मग वायर जोडा. नाही चाललं तर मला येऊन भेटा. फक्त येताना वही घेऊन या.